तिकीट वाया जात होतं

आबा, तेराव्याचा मांडव काल सोडला. पाहुणे आपापल्या गाड्यांना लागले, भाड्याची भांडी परत गेली, आणि आज सकाळी चहा ठेवताना मी सवयीने तुमचा बिनसाखरेचा कप वेगळा काढला. काढला आणि तशीच हातात धरून उभी राहिले. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, मी पी लेस." जन्मात कधी बिनसाखरेचा चहा ज्यांच्या घशाखाली उतरला नाही, त्या माझ्या सासूबाई आज तो सगळा प्यायल्या. तोंड मात्र वाकडं केलं हो. ते तुम्ही बघायला हवं होतं.

मांडवात लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. दूध सोसायटी, गावची पाणीयोजना, देवळासमोरचा मंडप. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला लोक आहेत. मी सून आहे, माझा हिशेब वेगळा. आपल्या दोघांचं एक भांडण अर्धवट राहिलंय. इतकी वर्षं मी म्हणत आले की तुम्ही कलकत्ता पहिल्या दिवसापासून मनात धरून बसला होतात, आणि तुम्ही म्हणत आलात की नाही, तिकीट वाया जात होतं. तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेईन असं समजू नका. तेरा दिवस गप्प बसले तेच पुष्कळ झालं.

तर मुळापासून सांगते, कारण तुमची नातवंडं उद्या विचारतील.

ह्यांच्या धुळ्याच्या दुकानाने त्या वर्षी पाण्याच्या मोटारी भरपूर विकल्या, म्हणून मोटारीच्या कंपनीने बक्षीस दिलं: चार माणसांची विमानाची तिकिटं, मुंबई ते बंगलोर, जाऊन येऊन. तुम्ही, अक्का, हे आणि मी. पोरांना मी यावलला आईकडे ठेवलं. गावातून तोवर कोणी विमानात बसलं नव्हतं. पिंपळनेरपर्यंत बोभाटा झाला. निघायच्या दिवशी एस.टी. थांब्यावर निम्मं गाव जमलं, तुमच्या गळ्यात हार, अक्कांच्या ओटीत नारळावर नारळ. अक्का मला हळूच म्हणाल्या, "आपुन काय परत येनार नही का व?" आणि मुंबईला विमानतळावर दिवसभर बसवून ठेवल्यावर आम्हाला सांगितलं की विमान रद्द. का, कशाने, काही नाही. हातात एक कागद दिला: वर्षभरात आमचं विमान जिथे जातं तिथे कुठेही जा, वर्ष उलटलं की हक्क संपला.

परत येताना ह्यांचं म्हणणं होतं, गावाबाहेर उतरू आणि शेतातून मागच्या दाराने घरी जाऊ. मलाही तेच बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू! तुम्ही ऐकलंत होय? ज्या थांब्यावरून हार घालून निघालात त्याच थांब्यावर उतरलात, टोपी नीट केलीत आणि भर चौकातून घरी आलात. पारावरून कोणीतरी विचारलंच, "काय आबा, बसनात का इमानमा?" तुम्ही न थांबता म्हणालात, "इमान नापास व्हयनं, आम्ही नही." सगळा पार हसला, आणि त्या हसण्यात आमची फजिती कुठल्या कुठे गेली. त्या दिवशी मी तुमच्या मागून पिशव्या घेऊन चालत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे माझे सासरे आहेत. चांगलं वाटलं.

मग तो कागद कपाटात पडला तो पडला. मोटारींचा हंगाम आला, कांदा आला, दिवाळी आली. संक्रांतीनंतर ह्यांना एकदम आठवलं की महिनाभरात मुदत संपतेय. रविवारी आम्ही दोघं धुळ्याहून आलो आणि ओट्यावर बैठक बसली. अक्का भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. प्रश्न एकच, कुठे जायचं?

हे म्हणाले दिल्ली. लाल किल्ला, कुतुबमिनार. तुम्ही म्हणालात, "दिल्लीमा थंडी शे. तुन्ही मायना गुडघा धरी लेतीन." मी म्हटलं, मग बंगलोर, तिथून म्हैसूर, बागा छान आहेत. तुम्ही मान हलवलीत. एकदा ज्या वाटेवरून मागे फिरलो ती वाट पुन्हा नको म्हणे. अपशकुन! सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज मुद्दाम अमावस्येला भरणारा माणूस अपशकुन मानायला लागला, तेव्हाच मला वास यायला हवा होता. हैदराबाद म्हटलं, तर "तठे यष्टी जास." मद्रास म्हटलं, तर नुसता भात खाऊन पोट बिघडेल.

"मग तुम्हीच सांगा बाई," मी वैतागून म्हणाले.

तुम्ही समोरच्या निंबाकडे बघत, अगदी सहज, म्हणालात, "कलकत्ता बठ्ठास्मा लांब शे. फुकटनं तिकीट, मंग जवळ काब्र जावानं?" सगळ्यांत लांब म्हणून कलकत्ता, जवळ कशाला जायचं म्हणे.

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. त्या ओट्यावर एक नाव आठ वर्षं कोणी घेतलं नव्हतं, आणि कलकत्ता म्हटल्यावर ते घेतल्यासारखंच झालं. उषाताई. तुमची धाकटी. मुंबईला नर्स झाली, तिथल्याच दवाखान्यातल्या एका बंगाली मुलाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या गावी, कलकत्त्याला गेली. लग्नाला आपल्याकडून कोणी गेलं नाही. भावकीतल्या लोकांनी तुम्हाला पारावर घेरलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोलून बसलात, "मी व्हईसन तिना दारशी जावाव नही." स्वतःहून तिच्या दारी जाणार नाही. आणि तुमचा शब्द म्हणजे काय, अख्ख्या शिवाराला माहीत. शब्द फिरवला असता तर तुम्ही तुम्हीच उरला नसतात, आणि नाही फिरवला तर लेक गेली. तुमचं सगळं त्या एका वाक्यात अडकून पडलं होतं आणि ते तुम्ही कोणाला सांगूही शकत नव्हतात.

ह्यांनी धीर करून तोंड उघडलं, "आबा, कलकत्त्याला तर आपली..."

"कालीमाता शे तठे," तुम्ही म्हणालात. "दर्शन करूत." आणि उठून गोठ्याकडे गेलात. अक्कांनी ती शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि रडत रडत चावत बसल्या.

आता मला सांगा आबा, कालीमातेच्या दर्शनाला जाणारा माणूस कळण्याचं पीठ दळून घेतो? ज्वारी आणि उडीद तुम्ही स्वतः गिरणीत उभं राहून दळून आणलंत. बिबड्या, कुरडया अक्कांनी बांधल्या. आणि त्यावर कळस म्हणजे, भरताची वांगी आणायला तुम्ही एस.टी.ने यावलला माझ्या माहेरी गेलात. आमच्याकडची ती हिरवी मोठी वांगी पिंपळनेरच्या वांग्यांपेक्षा चांगली असतात हे मी लग्नापासून सांगत होते आणि तुम्ही लग्नापासून हसण्यावारी नेत होतात. तुम्ही माझ्या बाबांच्या दारात जाऊन, "व्याही, जरा चांगली वांगी काढा," असं म्हणालात. बाबा तर घाबरलेच, म्हणाले माझ्या मुलीचं काही बरंवाईट तर नाही ना!

"काय हो आबा," मी विचारलं, "कालीमातेला भरताचा नैवेद्य लागतो का?" तुम्ही डोळे वटारलेत. पण टोपीखाली कान लाल झाले होते ते मी पाहिलं.

आणि पऱ्हाट्या! देवा रे, त्या पऱ्हाट्या. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळलेल्या काड्या. भरीत त्यांच्याच जाळावर भाजलेलं खरं, गॅसवर भाजलं तर तुम्ही ताटाला हात लावत नव्हतात, हे सगळं मान्य. पण म्हणून विमानात? गोणपाटात गुंडाळलेली, सुतळीने आवळलेली ती मोळी तुम्ही खांद्यावर घेऊन विमानतळात शिरलात. धोतर, टोपी, खांद्यावर सरपण. लोक वळून वळून बघत होते, हे पुढे निघून गेले, जणू आमची ओळखच नाही.

काउंटरवरच्या साहेबाने हिंदीत विचारलं, यात काय आहे? तुम्ही सरळ सांगितलंत, "जळण." तो उडालाच. दोन शिपाई आले, त्यांचा वरचा साहेब आला. तुम्ही सुतळी सोडलीत आणि आपल्या हिंदीत त्याला समजावलंत की हा कापूस आम्ही पिकवतो, तुमच्या अंगावरचा शर्ट याच्यापासून होतो, वांगं याच्यावर भाजलं की असं लागतं की बस. तो साहेब निघाला नागपूरकडचा. एक काडी हातात घेऊन मोडली, वास घेतला आणि मराठीत म्हणाला, "आजोबा, सगळी नाही नेता येणार. एवढी घ्या." अर्धी मोळी सामानात गेली. उरलेल्या अर्ध्या मोळीकडे तुम्ही असं पाहिलंत की त्याने ती उचलून स्वतःच्या टेबलामागे नीट ठेवली. मला हसूही येत होतं आणि, खरं सांगते, अभिमानही वाटत होता. तिथे सगळे जण आपण नेहमीचेच विमानातले आहोत असं दाखवत होते. तुम्ही गावातून आलात ते गावातूनच आल्यासारखे उभे होतात.

कलकत्त्यात आपण धर्मशाळेत उतरलो. पहिल्या दिवशी कालीमाता झाली. दुसऱ्या दिवशी ट्राम, हुगळी, मोठा पूल. तुम्ही सगळं बघितलंत, सगळ्याला "भलतं चांगलं शे" म्हणालात, आणि उषाताईंचं नाव काढलं नाहीत. अक्का माझ्याकडे बघायच्या, मी ह्यांच्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा पारा चढला. चौथ्या दिवशी परतीचं विमान होतं. आठ वर्षांचं गाठोडं इथपर्यंत वाहून आणायचं आणि न सोडता परत न्यायचं? मी तुमच्यासमोर टोपली आदळली.

"आबा, वांगी सुकायला लागली," मी म्हणाले. "आजच्या आज भाजली नाहीत तर फेकून द्यावी लागतील. माझ्या बाबांनी बांधावर उभं राहून निवडून दिलीत ती."

तुम्ही वांग्यांकडे बघितलंत. एक उचललंत, दाबून पाहिलंत. मग तुमचा तो फिरकीचा पितळी तांब्या धर्मशाळेच्या नळावर भरून घेतलात, झाकण आवळलंत आणि म्हणालात, "चाला."

टॅक्सीत बसल्यावर हे खिशात पत्ता शोधायला लागले. इकडचा खिसा, तिकडचा खिसा. टॅक्सीवाला खेकसला. आणि पुढच्या सीटवरून तुम्ही, मागे न बघता, त्याला सगळा पत्ता सांगितलात: घराचा नंबर, गल्ली, जवळचं औषधाचं दुकान, भाग. एकही अक्षर न अडखळता. कधी पाठ केलात, कोणाकडून ऐकलात, आजवर आम्हाला कळलं नाही. अक्कांनी पदर तोंडाशी धरला. मी टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण मलाही सोसेना.

दार उषाताईंनीच उघडलं. हातात पोळपाट होता. तुम्हाला बघून त्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. आणि तुम्ही, खांद्यावर पऱ्हाट्यांची मोळी, हातात तांब्या, घसा खाकरून काय म्हणालात?

"इमाननं तिकीट वाया जाई राह्यनं व्हतं, म्हनीसन उनूत."

आठ वर्षांनी लेकीला पहिलं वाक्य हे! मला वाटलं, आता हिला काय वाटेल. पण ती तुमचीच पोर. तिला कळलं. "बरं झालं आबा," ती म्हणाली, "तिकीट वाया घालवू नये," आणि मग तिच्या हातातला पोळपाट खाली पडला.

पण खरी परीक्षा अजून पुढेच होती. सवयीने ती आत गेली आणि पाण्याचे पेले ताटात घेऊन आली, आणि तुमच्यासमोर येऊन एकदम थबकली. लेकीला मूल होत नाही तोवर बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आपल्या घरातली रीत. उषाताईंना मूल नव्हतं. तुमच्या आत्येभावाने ह्या रीतीपायी बारा-बारा वर्षं लेकीच्या ओट्यावर तहानलेलं बसून काढली होती, आणि त्याचं गावात कौतुक होतं. तिने तुमच्या हातातला तांब्या बघितला. तुम्ही आपलं पाणी बरोबर आणलंय हे तिला दिसलं. ताट हातात धरून ती मागे सरायला लागली, आणि तिच्या तोंडावर जे काही होतं ते मला बघवत नव्हतं.

तुम्ही तांब्याची फिरकी काढलीत. गॅलरीत तिची एक कुंडी होती, तुळस होती की काय कोण जाणे. सगळं पाणी त्या कुंडीत ओतलंत, थेंबही ठेवला नाहीत. आणि रिकामा तांब्या तिच्यापुढे धरलात.

"हाई पानी शिळं व्हई गयं," तुम्ही म्हणालात. "ताजं भरी आन."

आबा, तुमच्यावर मी कितीदा चिडले असेन. जेवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलंत तेव्हा, माझ्या नोकरीला नाही म्हणालात तेव्हा, नातीला उशिरा शाळेत घाला म्हणालात तेव्हा. तो सगळा राग मी त्या एका तांब्यापायी सोडला. एवढी जुनी रीत, ना भाषण, ना भांडण, कुंडीत ओतून मोकळे झालात. तो माणूस माझा सासरा होता. मी हे कोणालाही छाती पुढे काढून सांगते.

संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर पऱ्हाट्या पेटल्या. धूर बघून शेजारपाजारचे धावत आले, आग लागली म्हणून. तुम्ही मधोमध उकिडवे बसून वांगी फिरवत होतात, आणि जावई, अमल त्यांचं नाव, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले की वांगं भाजून आमच्याकडेही करतात, त्यात मोहरीचं तेल घालतात. तुम्ही थबकलात. तुमचा समज असा की भाजलेलं वांगं जगात फक्त आपल्या खानदेशात.

"तुमनाकडे बी?"

"हो बाबा. विस्तवावरच."

तुम्ही जाळाकडे बघत बसलात. मग हळूच, कोणाला उद्देशून नव्हे, म्हणालात, "मंग पोर काही दूर नही गयी."

त्या रात्री कळण्याची भाकरी आणि भरीत त्यांच्या घरी सगळ्यांनी खाल्लं. जावयांनी तुमचा डोळा चुकवून मोहरीचं तेल घातलंच. तुम्हाला ते कळलं होतं, आणि तुम्ही पुन्हा वाढून घेतलंत.

गावात आल्यावर पारावर चौकशी झालीच. भावकीतले म्हणाले, आबा, तुम्ही तर म्हणाला होता जाणार नाही. "मी कथा गऊ?" तुम्ही म्हणालात, मी कुठे गेलो म्हणून. "तिकीट गयं. मी त्याना मांगे गऊ." आणि मग, कोणी विचारलंही नव्हतं, तुम्ही मोठ्याने सांगितलंत की लेकीच्या घरचं पाणी प्यालो, गोड होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुमचे ते आत्येभाऊ लेकीकडून पोटभर जेवून आले म्हणतात.

आणि मला मात्र तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. दर संक्रांतीला मी विचारायची, "आबा, आधीपासून ठरवलं होतं ना?" आणि दर संक्रांतीला तेच उत्तर, "तिकीट वाया जात होतं." शेवटच्या दुखण्यातही मी सोडलं नाही. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, आता हे तसंच राहणार.

दुखण्याचं कळताच उषाताई कलकत्त्याहून रेल्वेने भुसावळला उतरल्या, तिथून एस.टी. बदलत बदलत दुपारी घरी पोहोचल्या. तुम्ही आदल्या दिवसापासून कोणाशी बोलला नव्हतात, पाण्याचा चमचा ओठांना लावला तर तोंड फिरवत होतात. त्या तुमच्या खाटेशी बसल्या, तुमचा हात हातात घेतला. तुम्ही डोळे उघडलेत आणि पार खोल आवाजात विचारलंत, "कशी उनी?"

त्या रडत होत्या, पण आवाज त्यांनी हलू दिला नाही. "तिकीट वाया जाई राह्यनं व्हतं, आबा."

आणि तुम्ही हसलात. ओठ नाही, सगळं तोंड हसलं. खाटेच्या पायथ्याशी मी उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, सरळ माझ्याकडे, आणि हसतच राहिलात.

मग उशाशी ठेवलेल्या तांब्याकडे हात केलात. उषाताईंनी आतलं पाणी बाहेर ओतलं आणि तो ताजा भरून आणला. ते पाणी मात्र तुम्ही प्यायलात.